पानावरचं धुकं

"तुझ्या साइटवर हल्ली धुकं का असतं गं?" आईनं फोन माझ्यापुढे धरत विचारलं.

मी पाहिलं. स्वच्छ पान, त्यावर काळी अक्षरं, मधे एक छायाचित्र. धुकं कुठेच नव्हतं. मी ब्राइटनेस वाढवून फोन तिला परत दिला, तशी तिनं मान मागे घेतली. "आता तर आणखीच वाढलं."

वेबसाइट बनवणं हे माझं रोजचं काम, आणि ही साइट तर माझी स्वतःची, मोठे लेख निवांत वाचता यावेत म्हणून केलेली. आई तिची सगळ्यात नियमित वाचक. अक्षर केवढं असावं, दोन ओळींत अंतर किती ठेवावं, ओळ कुठे मोडावी, यात माझ्या कितीतरी संध्याकाळी गेल्या होत्या. उजेड वाढवला की वाचायला सोपं जातं हे मी इतकं धरून चालले होते की तिचं म्हणणं मला आधी नीट ऐकूच आलं नाही. मग सुचलं म्हणून मी तिच्या फोनचा डार्क मोड चालू केला. माझ्या साइटला तेव्हा डार्क मोड नव्हता, त्यामुळे तिचे मेसेज उघडून दाखवले. काळ्यावर पांढरी अक्षरं. तिनं फोन नेहमीच्या अंतरावर आणला आणि थांबत थांबत वाचणारी माझी आई सलग वाचू लागली.

"हे बघ, इथे नाहीये धुकं."

त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं सांगितलं.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं. बाहेरून आलेला उजेड त्या भिंगातून सरळ आत जात नाही, वाटेतच विखुरतो. आता पांढरं पान डोळ्यांसमोर आणा. पानाचा बहुतेक भाग कोरा असतो, अक्षरांची शाई त्या मानानं थोडीच. त्या सगळ्या कोऱ्या जागेतून येणारा उजेड डोळ्यात विखुरतो आणि अक्षरांच्या काळेपणावर सांडतो. काळं राखाडी होतं, कडा विरघळतात. आई त्याला धुकं म्हणत होती आणि तो शब्द अगदी नेमका होता. पान काळं असलं की विखुरायला मुळात उजेडच कमी असतो, म्हणून अक्षर तगून राहतं. गॉर्डन लेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये अधू दृष्टीच्या माणसांच्या वाचनाचा अभ्यास केला होता, त्यात हे दिसलं होतं. ज्यांच्या डोळ्यांतली माध्यमं, म्हणजे भिंगासारखे उजेड आत नेणारे भाग, गढूळ आहेत, त्यांना काळ्यावर पांढरं जास्त वेगानं वाचता येतं. म्हणजे मी व्यवसायात येण्याच्या कितीतरी आधीपासून हे छापलेलं होतं आणि मला ते आईच्या तक्रारीतून कळलं.

माझी गोष्ट बरोब्बर उलटी आहे. मला सिलिंड्रिकल नंबर आहे, म्हणजे डोळ्याचा पृष्ठभाग सगळ्या दिशांना सारखा गोल नाही. कोड लिहिणाऱ्यांमध्ये काळा एडिटर हा जवळजवळ गणवेशच, त्यामुळे मीही वर्षानुवर्षं काळ्या पडद्यावर काम करत आले. संध्याकाळ झाली की अक्षरांना केस फुटल्यासारखे दिसायचे, प्रत्येक रेषेच्या शेजारी तिची फिकट सावली. मी ते थकव्यावर ढकलत असे. कारण साधं होतं. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते. लख्ख उजेडात ती २ ते ४ मिलिमीटर असते, अंधारात ४ ते ८ मिलिमीटरपर्यंत जाते. बाहुली जितकी मोठी तितकं डोळ्याच्या पृष्ठभागाचं वाकडेपण जास्त जाणवतं. लहान असली की कॅमेऱ्याचं छिद्र बारीक केल्यासारखं चित्र ठाशीव होतं. पांढरं पान माझी बाहुली आवळतं आणि मला स्पष्ट दिसतं.

आणि हे फक्त माझ्यासारख्या नंबरवाल्यांचं नाही. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये हे तपासून पाहिलं. मजकुरातल्या चुका शोधायच्या, बारीक आकार ओळखायचे, अशी कामं लोकांना दिली. पांढऱ्यावर काळं असताना कामगिरी सरस ठरली, तरुणांची आणि वयस्कांचीही. निरोगी डोळ्यांना दिवसा उजेडात वाचायला पांढरं पान बरं, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही. 'डार्क मोड डोळ्यांना चांगला' हे वाक्य जितक्या सहज फिरतं, तितका त्याला आधार नाही. अंधाऱ्या खोलीत तो सुखद असतो, ही गोष्ट निराळी आणि खरीही. पण सुखद वाटणं आणि नीट वाचता येणं या दोन गोष्टी आहेत, आणि आमच्या धंद्यात त्या सर्रास एक समजल्या जातात.

एका घरातली दोन माणसं, एकच पान, आणि दोघींची गरज अगदी विरुद्ध. साइटला डार्क मोड द्यायचं मी तेव्हा ठरवलं.

काळा पडदा काही नवा नाही. पडद्यावरची अक्षरं जन्मालाच काळ्यावर आली. जुन्या टर्मिनलच्या काचेमागे फॉस्फरचा थर असे, इलेक्ट्रॉनचा झोत जिथे पडेल तिथे तो उजळायचा आणि बाकी सगळं आपोआप काळं राहायचं. हिरवी अक्षरं, कुठे पिवळसर तांबूस. तेव्हा ती कुणाची आवड नव्हती, काचेचा स्वभावच तसा होता. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात १९७३ मध्ये 'आल्टो' नावाचा संगणक झाला, त्याचा पडदा कागदासारखा उभा आणि पांढरा होता. १९८४ च्या मॅकिंटॉशनं तो पांढरा पडदा सामान्य माणसाच्या टेबलावर आणला. वेबचं पानही मग पांढरंच झालं, कारण पान म्हटलं की कागद हे डोक्यात पक्कं बसलं होतं. काळा परत आला तो २०१८ च्या मॅकमध्ये, आणि २०१९ मध्ये आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींत. त्याच वर्षी मोठ्या ब्राउझरांनी 'प्रेफर्स कलर स्कीम' ही सोय आणली. या माणसानं आपलं यंत्र उजळ ठेवलंय की गडद, एवढं संकेतस्थळाला त्यातून विचारता येतं. मला ही सोय फार सभ्य वाटते. वाचणाऱ्यानं एकदा सांगितलेली गोष्ट त्याला प्रत्येक दारात पुन्हा सांगावी लागू नये.

सोय असली तरी काम आपोआप होत नाही. माझा पहिला प्रयत्न सांगते. सगळ्या पानाला रंग उलटवणारा फिल्टर लावला, एका ओळीचं काम. पांढरं काळं झालं, काळं पांढरं झालं, आणि लेखाच्या मधलं छायाचित्र निगेटिव्हसारखं दिसू लागलं, निळ्या चेहऱ्याची माणसं, काळे दात. छायाचित्रांना पुन्हा उलटा फिल्टर लावून सरळ केलं, तर लेखाखालची स्कॅन केलेली सही पांढऱ्या चौकोनात चमकू लागली. साइटचं बोधचिन्ह पारदर्शक पार्श्वभूमीवर काळ्या रेषांचं होतं. जिथे फिल्टर पोहोचला नव्हता तिथे ते अंधारात नाहीसंच झालं. मी ती ओळ पुसली आणि पानावरचा एकेक रंग हातात घेऊन बसले.

पहिला प्रश्न काळ्याचाच. शुद्ध काळ्यावर शुद्ध पांढरं ठेवलं की दोन्हींतल्या उजेडाचं गुणोत्तर २१ ला १ येतं, त्याच्या वर जाताच येत नाही. सुलभतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ मागतात, कडक पातळीवर ७ ला १. तेव्हा २१ म्हणजे उत्तमच, असं वाटतं. पण माझ्यासारख्या डोळ्यांना नेमका तिथेच त्रास होतो. अक्षरं पेटल्यासारखी दिसतात आणि नजर वर उचलली तरी ओळींचे पट्टे समोर तरंगत राहतात. गूगलच्या 'मटेरिअल डिझाइन' या रचनेच्या मार्गदर्शिकेत गडद पृष्ठभागासाठी हॅश १२१२१२ हा रंग सुचवला आहे, म्हणजे काळ्याच्या किंचित अलीकडचा करडा. मी तो घेतला आणि अक्षरांचा पांढराही उतरवला. गुणोत्तर १४ च्या आसपास आलं. डोळ्यांवरचा ताण एकदम उतरला.

या गुणोत्तराची एक मोठी उणीव मला तेव्हा नीट कळली. त्याचं सूत्र दोन रंगांची अदलाबदल केली तरी तोच आकडा देतं. काळ्यावर पांढरं काय नि पांढऱ्यावर काळं काय, त्याच्या लेखी सारखंच. डोळ्यांच्या लेखी ते सारखं नसतं. म्हणून 'एपीसीए' नावाची नवी मोजणी तयार होते आहे, तिच्यात कुणावर कोण बसलंय याचाही हिशेब असतो. तोवर आकडा पाहायचा, पण शेवटचा शब्द डोळ्यांचा.

मग दुवे. ब्राउझरचा जुना, ओळखीचा निळा पांढऱ्यावर ठेवला तर गुणोत्तर ९ च्या वर जातं. तोच निळा माझ्या गडद पानावर ठेवला तर जेमतेम २. याचं कारण आपल्या नजरेत आहे. उजेडाच्या हिशेबात हिरव्याचा वाटा ७१ टक्क्यांहून जास्त आणि निळ्याचा फक्त ७ च्या आसपास. डोळ्यांना निळा मुळातच अंधारा. मी निळ्यात पांढरा मिसळत गेले, तो आकाशी झाला, तेव्हा कुठे दुवा दुव्यासारखा दिसला. लालही असाच. पांढऱ्यावर ठसठशीत वाटणारा लाल काळ्यावर थरथरतो, त्याचा भडकपणा कमी करावा लागतो. ईथन स्कूनोव्हर यांनी २०११ मध्ये 'सोलराइज्ड' नावाची १६ रंगांची योजना केली होती. तिच्यात पार्श्वभूमी उजळवरून गडद केली तरी मुख्य रंगांमधलं उजेडाचं अंतर तसंच राहतं. एवढा विचार एका रंगपेटीमागे असू शकतो, हे पाहून मी तेव्हा कितीतरी वेळ ती योजना नुसती उलटसुलट करत बसले होते.

सावल्यांचं काय करायचं हे मला बरेच दिवस उमगलं नाही. उजळ पानावर एखादी चौकट वर उचललेली दाखवायची तर तिच्याखाली सावली टाकतात. काळ्यावर सावली पडणार कुठे? उत्तर असं की गडद पानावर जे वर असेल ते जास्त उजळ करायचं. अंधाऱ्या खोलीत दिव्याच्या जवळची वस्तू जास्त दिसते, तसं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र अक्षरांनी घेतला. काळ्यावरचं पांढरं त्याच्या मापापेक्षा मोठं दिसतं. गॅलिलिओनं हे ग्रहांच्या बाबतीत टिपलं होतं, आणि दृष्टीच्या मज्जापेशी अंधाराला आणि उजेडाला वेगळा प्रतिसाद देतात म्हणून हे घडतं, असं २०१४ मध्ये एका संशोधनात दाखवण्यात आलं. देवनागरीत याचा फटका मोठा. मी 'दृष्टी' हा शब्द पडद्यावर दोनशे टक्के मोठा करून दोन्हीकडे ठेवला. पांढऱ्या पानावर ष ला ट बिलगलाय आणि तरीही दोघांमधली बारीक पोकळी शाबूत आहे, द च्या पोटाखालचा ऋकार सुटा आहे, सगळ्यांवरून शिरोरेषा शांतपणे जाते आहे. गडद पानावर तीच पोकळी बुजत आली होती, ऋकार द ला चिकटला होता आणि शिरोरेषा ओळभर पसरलेल्या ट्यूबलाइटसारखी झाली होती. 'मुलींना' मधला अनुस्वार वेलांटीत विरघळून गेला होता. आणि वाचताना अनुस्वार गेला की कधी कधी वचन जातं, कधी अर्थच जातो.

सुदैवानं 'नोटो सॅन्स देवनागरी'सारख्या फॉन्टमध्ये जाडी हवी तशी कमी-जास्त करता येते. नेहमीची जाडी ४००. गडद पानावर मी ती ३८०, ३६०, ३४० अशी उतरवत गेले. ३४० ला अक्षर खंगल्यासारखं वाटलं, ३६० ला 'दृष्टी' पुन्हा 'दृष्टी' दिसू लागली. दोन ओळींतलं अंतरही थोडं वाढवलं. आता दोन्ही पानं शेजारी ठेवली तर अक्षर एकाच जाडीचं भासतं, आणि ते तसं भासावं म्हणून ते दोन जाड्यांचं आहे. हे कुणाच्या लक्षात येणार नाही याचं मला समाधान वाटतं.

बॅटरीबद्दल लोक नेहमी विचारतात, तर थोडक्यात. ओलेड पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो, काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. तिथे बचत होते. पण पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ च्या मोजणीत असं दिसलं की आपण घरात साधारणपणे ठेवतो त्या ३० ते ५० टक्के ब्राइटनेसला ती सरासरी ३ ते ९ टक्केच असते. पूर्ण ब्राइटनेसला मात्र ३९ ते ४७ टक्के. एलसीडीत तर मागचा दिवा सतत जळतच असतो, पुढे काळं काय नि पांढरं काय. २००७ मध्ये 'ब्लॅकल' नावाचं काळं शोधपान वीज वाचवण्याच्या हेतूनं निघालं होतं, तेव्हा घरोघरी एलसीडी येत होते आणि त्यांच्यावर त्या काळ्याचा उपयोग नव्हता. मला बॅटरीसाठी डार्क मोड करावासा कधी वाटला नाही.

काम झालं आणि मी आईला फोन दिला. रात्रीची वेळ, दिवे मंद. तिनं पान उघडलं आणि डोळे मिटून घेतले. "चमकलं काहीतरी." मला काही दिसलं नव्हतं. तिनं दुसरा लेख उघडला, पुन्हा तेच. मग मी यंत्राचा वेग मुद्दाम कमी करून पाहिलं आणि सापडलं. पान आधी पांढरं उमटत होतं, नंतर माझा कोड जागा होऊन वाचकाची निवड तपासत होता, आणि मग गडद होत होतं. मधला क्षण सेकंदाच्या छोट्याशा भागाचा. माझ्या डोळ्यांनी तो सोडून दिला होता, अंधाराला सरावलेल्या गढूळ भिंगाला तो विजेसारखा लागला होता. निवड तपासणाऱ्या चार ओळी मी पानाच्या अगदी माथ्यावर नेल्या, मजकूर रंगण्याच्या आधी. शिवाय हे पान दोन्ही रंगांत असतं अशी सूचना ब्राउझरला सुरुवातीलाच दिली, म्हणजे कोरं पानही गडदच उमटतं आणि स्क्रोलबार, रकाने हेही त्याच रंगात येतात. या एका क्षणासाठी मला दोन दिवस लागले. इतकी गुंतागुंत माझ्या छोट्या साइटवर, तर हजारो हातांनी रंग भरलेल्या विकिपीडियाला डार्क मोड आणायला २०२४ उजाडलं यात नवल नाही.

बटणाचीही गोष्ट आहे. मी वरच्या कोपऱ्यात एक चंद्र ठेवला होता, दाबला की सूर्य व्हायचा. सगळेच तसं करतात. आईनं विचारलं, "हा चंद्र म्हणजे आत्ता रात्र आहे, की दाबल्यावर होईल?" मी उत्तर देऊ लागले आणि मलाच खात्री वाटेना. दोन्ही अर्थ सारखेच बरोबर आहेत, आणि वेगवेगळ्या साइटवर दोन्ही वापरात आहेत. चित्रं काढून टाकली. आता तिथे तीन शब्द आहेत: उजळ, गडद, फोनप्रमाणे. जो चालू आहे त्याच्याखाली रेघ. तिसरा पर्याय महत्त्वाचा, कारण बहुतेकांनी आपली निवड फोनला आधीच सांगितलेली असते.

आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी झालं. गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवलं. डावा डोळा महिन्याभरानं करायचा होता. मधल्या दिवसांत एका दुपारी पाहिलं तर ती खिडकीशी बसून एका डोळ्यावर तळहात धरून फोनकडे बघत होती. मग हात बदलला. मग पुन्हा. मधूनमधून अंगठ्यानं उजळ, गडद, उजळ करत होती.

"या डोळ्यानं तुझं पान चक्क पिवळं दिसतं," डाव्या डोळ्यानं बघत ती म्हणाली. "आणि धुकं. गडद केलं की वाचता येतं." मग डावा झाकला. "आणि यानं पांढरंशुभ्र. उजळच बरं वाटतं आता."

मोतीबिंदूचं भिंग पिवळट होत जातं आणि सगळ्या जगाला तो रंग चढवतं, हे मी तिला सांगितलं. मग हेही सांगितलं की पान पांढरंशुभ्र नाही. उजळ पानाला मी किंचित सायीची छटा दिली आहे, साइट सुरू केली तेव्हापासून. ती छटा निवडायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली होती आणि आजवर कुणी तिच्याबद्दल बोललं नव्हतं.

तिनं डाव्या डोळ्यावरचा तळहात न हलवता फोन जवळ घेतला, खिडकीच्या चौकटीचा पांढरा रंग पाहिला, पुन्हा पान पाहिलं.

"हो, आहे की गं," ती म्हणाली. "अगदी थोडी." आणि लेख जिथे सोडला होता तिथून पुढे वाचू लागली, एक डोळा झाकलेलाच ठेवून.